तीन बोटं उंबरा

भिंगारच्या बाजारात भाजीच्या पाट्यांसमोर एक व्हीलचेअर अडकली होती. तिचं पुढचं छोटं चाक फरशीच्या फटीत गेलं होतं. मी मागून हात घातला.

"आधी विचारायचं, मग हात लावायचा," खुर्चीतली बाई म्हणाली.

मी हात काढला. "लावू का?"

"आता लावा."

चाक निघालं, पण वाकडं झालं होतं. अशा खुर्च्या बसवून द्यायचं माझं दुकान शेजारच्याच गल्लीत होतं. तिचं नाव रेश्मा. सुप्याच्या एका कारखान्यात माल तपासायचं काम करायची.

"ही घडीची खुर्ची नको आता," दुकानात आल्यावर ती म्हणाली. "सांधे खुळखुळतात. अर्धा जोर त्यातच जिरतो. मला न मिटणारी, एकसंध सांगाड्याची पाहिजे. घरचा उंबरा माझा मला ओलांडायचाय. रोज भाऊ उचलतो... पोतं उचलल्यासारखा."

मी कमरेचं माप घेतलं. "एक इंच जास्त धरू? सैल बरं पडतं."

"वाढत्या अंगाची आहे का मी?"

दोन वर्षांत मी पहिल्यांदा हसलो. मग माझीच मला भीती वाटली.

दीपा, माझी बायको, दोन वर्षांपूर्वी माझ्या मोटरसायकलवरून मागं पडून गेली. मला खड्डा दिसला नव्हता. तेव्हापासून कोणी नुसतं मागं कललं तरी माझे हात धरायला पुढं जातात.

खुर्ची आली. मोठ्या चाकांचा आस जितका पुढं घ्यावा तितकी अशी खुर्ची हलकी चालते, पुढची चाकं सहज उचलली जातात. पण ती मागं उलटूही शकते. सांगाड्याला आस बसवायची ओळीनं भोकं असतात; रेश्मानं आस पुढच्या, तिसऱ्या भोकात मागितला होता. मी पहिल्या भोकात, अगदी मागं बसवला. तिला सांगितलं नाही.

आठ दिवसांनी ती आली.

"रामहरी, खुर्ची लई जड जाती. पुढची चाकं उचलतच न्हाईत." ती वाकली, बोटानं भोकं मोजली. "हे तर पहिलं."

मी पान्याचं ग्रीस पुसत राहिलो.

"बोला की."

"तुम्ही पडाल."

"पडले तर हनुवटी छातीला लावायची, डोकं वाचतं. शिकलीये मी पडायला. तुम्हाला काय झालंय?"

मी दीपाचं सांगितलं. सगळं. तिनं भोकावरचं बोट काढलं.

"वाईट झालं," मग म्हणाली. "पण तुमची भीती आठ दिवस मी ओढली. विचारलं होतं मला? भीती वाटली तर मागं उभे राहा. चाक मागं न्यायचं नाही."

मी आस तिसऱ्या भोकात घेतला. नट आवळताना पाना दोनदा निसटला. तिनं पुढची चाकं उचलली आणि मोठ्या चाकांवर तोल धरून बसली. मी मागं, दोन्ही हात पसरून.

"धरलंय का?"

"नाही."

"मग श्वास सोडा."

जाताना ती दारात थांबली. "तुमच्या घराला उंबरा आहे?"

"तीन बोटं. काढून टाकतो."

"काढायचा नाही. रविवारी चहाला येते."

रविवारी ती आली. मी तिच्या मागं जायला निघालो.

"मागं नाही. आत थांबा. समोर."

समोरून बघणं जास्त अवघड होतं. हात कुठं ठेवावेत कळेना, म्हणून आतल्या दाराची चौकट धरली. तिनं पुढची चाकं उचलली... खुर्ची मागं कलली. माझे डोळे मिटले. लाकडावर रबर घासल्याचा आवाज आला, मग एक धक्का.

"पाहुण्याला पाणी द्यायची पद्धत आहे ना तुमच्यात?"

ती आत होती, धापा टाकत. मी पाणी आणलं. देताना अर्धं तिच्या पदरावर सांडलं.

"भीती गेली नाही अजून," मी म्हणालो.

"दिसतंय."

"तरी... रोज येशील का?"

तिनं उरलेलं पाणी पिऊन तांब्या मांडीवर ठेवला. उंबऱ्याकडं एकदा वळून पाहिलं.

"असाच ठेवलास तर," ती म्हणाली.