कानस

चिर्रर...

एवढाच आवाज झाला. एकदाच.

सव्वा वाजला होता. आमच्या खैराणी रोडवरच्या गाळ्यांची जेवणाची सुट्टी. मशीनं बंद झाली की साकीनाक्याच्या मागच्या त्या गल्लीत अशी शांतता पसरते, की बाळाचा श्वाससुद्धा ऐकू येतो.

त्या शांततेत माझ्या मोरीपाशी कुणीतरी लोखंडावर कानस ओढली.

मी वळून बघितलं...

तिथे कुणीच नव्हतं. विळी भिंतीला टेकलेली होती. तेवढीच.

मी लिहिते आहे ते घडलेलं आहे. १९८६ चा जून महिना, दुपारची वेळ, माझी स्वतःची खोली. पटत नसेल त्यांनी येऊन आमच्या दाराची जुनी कडी बघावी. मी ती टाकलेली नाही.

रात्री लिहायला जमत नाही. राधा पाच वर्षांची आहे, बाळा सात महिन्यांचा. दुपारी दोघं निजतात तेवढा वेळ माझा. बाळाला मांडीवर जोजवत लिहिते आहे. अक्षर हललं असेल तर म्हणून.

आधी चंद्रप्रकाशबद्दल सांगते.

तो माझा धाकटा दीर. आमच्यातच राहायचा. राधाचे बाबा आणि तो, दोघे भाऊ एकाच गाळ्यात कामाला. तिथे मोटरसायकलची डुप्लिकेट स्प्रॉकेटं बनतात. इंजिनाजवळचं छोटं दातेरी चाक असतं ना, ज्याच्यावर चेन फिरते, ते. कंपनीचं महाग पडतं, म्हणून लोक हे घेतात.

राधाचे बाबा चाकाला दात पाडायचे. मग माल भट्टीवर जायचा. दात तापवून तेलात बुडवले की ते कडक होतात. नाही केले तर मऊ राहतात, आणि दिसायला मात्र दोन्ही सारखेच.

ओळखायचं कसं?

कानशीनं. दात कडक असेल तर कानस वरून घसरते. चिर्रर... असा बारीक आवाज. मऊ असेल तर कानस चावते. खस्स... आणि खूण उमटते.

एकेका नगाला कानस लावून बघायची, हे चंद्रप्रकाशचं काम.

त्याला सवयच लागली होती. वीतभर कानस कायम खिशात. घरी आला की तव्याला लाव, अडकित्त्याला लाव.

"वयनी, तुजी इळी बरी आसा हां," म्हणायचा.

"आधी तुझं डोकं तपास त्या कानशीनं."

"त्येका कानस लागाचीच नाय. घट्ट आसा."

राधा हसून लोळायची. मग तिच्या खेळण्यातल्या पत्र्याच्या मोटारीला कानस लावायचा आणि तोंड पाडून म्हणायचा, "राधाबाय, गाडी मऊ. प्रवास रद्द."

शिमग्याला तो गावी गेला. पालखीला खांदा द्यायला दर वर्षी जायचाच. आठ दिवस.

मे महिन्यात एका मंगळवारी तो विक्रोळीला माल पोचवायला गेला. मोटरसायकल दोघा भावांत एकच होती. जाताना म्हणाला, "वयनी, जेवाक येतंय. भात गरम ठेव."

मी ताट झाकून ठेवलं.

पवईच्या उतारावर स्प्रॉकेटवरून चेन निसटली आणि इंजिनात अडकली. मागचं चाक जागच्या जागी थांबलं. मागून ट्रक येत होता.

तेव्हा सव्वा वाजला होता.

बाराव्या-तेराव्याचं सगळं झालं. पाहुणे गेले. आणि त्यानंतरच्या पहिल्या दुपारी तो आवाज आला, जो मी वर लिहिला.

मला वाटलं, मन आहे. होतं असं.

दुसऱ्या दिवशी तव्यावर. चिर्रर...

तिसऱ्या दिवशी स्टोव्हवर.

चौथ्या दिवशी आवाज वेगळा आला.

खस्स...

दाराकडून.

दाराच्या कडीवर एक ताजी, चकचकीत खूण होती. करंगळीच्या नखाएवढी. राधा माझ्यामागे उभी होती.

"काकानं केलं," ती म्हणाली. घाबरून नाही. काका आला, जेवला, गेला, असं सांगावं तसं.

मी तिला जवळ घेतलं.

दोन दिवसांनी कडी हातात आली. बरोब्बर त्या खुणेवर तुटून.

तरी मी ह्यांना सांगितलं नाही. भाऊ गेल्यापासून हे नीट जेवत नव्हते. ताटात भात चिवडत बसायचे. त्यात मी आणखी काय सांगणार?

मग पुढच्या आठवड्यात...

खस्स...

पाळण्यावरून.

बाळा आत होता. वरच्या आकड्यावर तीच खूण होती. मी बाळाला उचललं आणि त्याला उराशी धरून खाली जमिनीवर बसून राहिले. त्यानंतर त्याला पाळण्यात ठेवलंच नाही. गादीवर निजवायचे. पाळण्यात पाच शेर तांदळाची पिशवी टाकून ठेवली.

पाचव्या दिवशी दुपारी पाळणा खाली आला. तांदूळ खोलीभर.

त्या संध्याकाळी मी ह्यांच्यापुढे कडी ठेवली आणि आकडा ठेवला.

हे उठले. पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. चंद्रप्रकाशची कानस ह्यांनी स्वतः ब्रशनं साफ करून, तेलाच्या फडक्यात गुंडाळून आत ठेवली होती. पेटीला कुलूप होतं. किल्ली ह्यांच्या करगोट्याला.

फडकं उघडलं...

कानशीच्या दातांत लोखंडाचा ताजा चुरा अडकलेला होता.

ह्यांनी तो चुरा बोटाच्या टोकावर घेतला. मग म्हणाले, "सुगंधा, मी त्याला खोटं सांगितलं."

"कुणाला?"

"चंदूला. तो शिमग्याला गेला होता ना, तेव्हा भट्टी बंद पडली. गिऱ्हाईक माल मागत होतं. शेठ म्हणाला, भट्टीतून निघाल्यासारखं नुसतं काळं करून पाठव, कोणाला कळतंय. साठ नग होते. मी काळे केले, डब्यांत भरले."

"मग?"

"चंदू आला. आपल्या गाडीचं स्प्रॉकेट झिजलं होतं म्हणून त्यानं त्यातलंच एक उचललं. मला विचारलं, दादा, कानस लावलीस ना? शेठ समोर उभा होता." ह्यांनी फडकं परत गुंडाळलं. "मी म्हटलं, लावली."

"आणि त्यानं?"

"त्यानं नाही लावली. मी सांगितल्यावर कशाला लावेल?"

दोन महिने ते स्प्रॉकेट टिकलं. नंतर पोलिसांनी गाडी परत दिली तेव्हा ह्यांनी बघितलं होतं. दात झिजून आकड्यासारखे वळलेले. हे एकट्यानं बघून आले, आणि कुणाला बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून ह्यांनी शोध सुरू केला. गाडी दुरुस्त करून घेतली, तिला कंपनीचं स्प्रॉकेट बसवलं. मी म्हटलं, "ह्या गाडीवर नका ना बसू." हे म्हणाले, "चालत कुठे कुठे फिरू? अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, पार बोरिवलीपर्यंत माल गेलाय." सुट्टी टाकून, खाडे करून, एकेका दुकानात जाऊन डबे उघडायचे. गाळ्यातली दुसरी कानस लावायची. चावली की नग उचलून आणायचा.

साठातला एक चंदूबरोबर गेला. एकवीस परत मिळाले.

अडतीस लागलेत. कुणाच्या तरी गाड्यांना.

"ते कसे सापडणार?" मी विचारलं.

"पुढचं स्प्रॉकेट झाकणाच्या आत असतं," हे म्हणाले. "बाहेरून दिसत नाही."

तरी हे साकीनाक्याच्या चौकात जाऊन उभे राहतात. थांबलेल्या गाड्यांची चेन बघतात. एकदोघांना विचारलंसुद्धा, जरा झाकण उघडून बघू का. लोकांनी वेड्यात काढलं. एकानं कॉलर धरली. शेठला सांगितलं, तर तो म्हणाला, "कुंडलिक, नोकरी करायची आहे का तुला?"

आता मागच्या बुधवारचं सांगते.

सव्वा वाजला. मशीनं थांबली. मी कान देऊन बसले होते, रोज बसते तशी.

खस्स्स्...

इतका लांब, इतका खोल आवाज कधीच आला नव्हता. माझ्या दातांत कळ गेली.

मी उठले. नवीन कडी बघितली. विळी, तवा, अडकित्ता, स्टोव्ह, खिडकीचे गज, कपाटाच्या बिजागऱ्या. पलंगाचे पाय. राधाची मोटारसुद्धा.

खूण कुठेच नाही.

हे तेव्हा मुलुंडला गेले होते. गाडीवर.

मी बाळाला कडेवर घेऊन दारात उभी राहिले. तीन वाजले. पाच वाजले. शेजारची चंपा म्हणाली, "काय गं, कोणाची वाट बघतेस?" मी म्हटलं, "कोणाची नाही." राधा पायरीवर बसून येणारी प्रत्येक गाडी मोजत होती.

सात वाजता हे आले.

मी ह्यांचा हात धरला. मनगटं बघितली, मान बघितली. मग सगळं सांगितलं. ह्यांनी कपडेही न बदलता गाडीचं झाकण खोललं. मी कंदील धरला. स्प्रॉकेटचा एकेक दात, चेनचा एकेक दुवा, ब्रेकची सळई, हँडल. सगळीकडे कानस घसरत होती.

गाडीवरही खूण नव्हती.

हे तिथेच जमिनीवर बसले. हात तेलानं काळे.

"आपल्या घरातलं नाही," हळूच म्हणाले. "म्हणजे..."

बाहेर कुणाच्या तरी गाडीला लागलेल्यांपैकी एक. अडतीस.

त्यानंतर आवाज रोज येतो. रोज खस्स. एकदाच. आणि घरात खूण कुठेच नसते. मी आता शोधतही नाही. बाळाच्या कानावर तळहात ठेवते, एवढंच. पेटी उघडली की कानशीत नवा चुरा असतो. हे तो कागदावर झाडतात, पुडी बांधतात आणि परत शोधायला निघतात. कशाला, ते आता मी विचारत नाही.

आजही आवाज आला. मला वाटलं, राधा झोपली आहे. ती जागीच होती. छताकडे बघत होती.

"आई, आपल्याला काकाचा आवाज ऐकू येतो ना?"

"हं."

"मग ज्यांचं तुटणार आहे... त्यांच्या घरी ऐकू जातो का गं?"