गुण कमी करण्याचा अर्ज

"लंच टाइम झाला, नंतर या," असं म्हणत भाईदास नानांनी परीक्षा विभागाची चार नंबरची खिडकी खाली ओढली, ती नेमकी दिपमालाच्या नाकासमोर. तेव्हा पावणेएक वाजले होते. लंच दीडला, असं त्याच खिडकीवर ठळक अक्षरात लिहिलेलं. पण विद्यापीठात भिंतीवर लिहिलेलं फक्त भिंतीनं पाळायचं असतं, हे एव्हाना तिला कळून चुकलं होतं.

ही तिची जळगावची चौथी खेप. साक्रीहून पहाटेची एसटी, धुळ्याला बदली, पुढे आणखी दोन-अडीच तास उभ्यानं. आणि एवढं करून खिडकीशी पोचलं की उत्तर ठरलेलं, "आज साहेब नाहीत." बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाच्या मार्कशीटवर सेंद्रिय रसायनाच्या पेपरापुढे 'अनुपस्थित' छापलं होतं. अनुपस्थित! धुळ्याच्या केंद्रावर तीन तास बोटं आखडेपर्यंत लिहिलं, वर दोन पुरवण्या घेतल्या... आणि अनुपस्थित?

आज मंगळवार. शुक्रवारी बीएडच्या प्रवेशाची शेवटची तारीख. आश्रमशाळेत विज्ञान शिकवायचं हे तिनं सातवीतच ठरवलं होतं, आणि ते सगळं आता त्या खिडकीमागे डबा संपायची वाट बघत बसलं होतं.

बाहेर पावसाची एक सर येऊन गेली. बाकावर बसून ती चौथा अर्ज लिहू लागली. तारीख चुकली. तिनं नेहमीच्या सवयीनं चुकीभोवती छोटासा चौकोन काढला आणि त्यात एक तिरपी रेघ मारली.

"पान अकरा," शेजारून आवाज आला.

तिनं वर पाहिलं. एक उंच, किडकिडीत मुलगा तिच्या चौकोनाकडे टक लावून पाहत होता.

"काय?"

"पान अकरावर असे तीन आहेत. सतरावर एक." त्यानं घाईघाईनं बॅगेतून झेरॉक्सचा गठ्ठा काढला. "हे... तुमचंच ना?"

दिपमालानं गठ्ठा हातात घेतला. तिचं अक्षर. तिचे उजवीकडे कललेले बेंझिनचे षट्‌कोन. आणि पहिल्या पानावर बारकोडचं स्टिकर मात्र भलत्याच नंबरचं.

"मन्हा पेपर तुमनाकडे कसा काय?" रागात तिची साक्री बाहेर आली.

"तेच तर मी महिनाभर इथं विचारतोय. मी ललित. वरणगावकडचा, शिकायला धुळ्यात. केंद्रावर एका कॉलेजची यादी संपते, तिथं आमची सुरू होते; त्या यादीत शेवटच्या तुम्हीच असणार. परीक्षेच्या दिवशी मी टायफॉइडनं भुसावळच्या दवाखान्यात होतो. सुपरवायझरनं माझं उरलेलं स्टिकर तुमच्या पेपरावर चिकटवलं असणार. निकाल लागला, तर मले एकाहत्तर!"

"मग गप्प का नाही बसलात?"

"आमच्या आबांनी, वडिलांनी, गावभर पेढे वाटले. मले एकही गिळवला नाही." त्यानं गठ्ठ्याकडे बोट केलं. "उत्तरपत्रिकेची प्रत मागवली. वाचली. आणि मग... वाचतच राहिलो."

"रसायनाचा पेपर कोणी असा वाचतं का?"

"इतकं नेटकं चुकणारं माणूस मी पाहिलं नव्हतं."

तिनं मान वळवली. राग होताच, पण तो नक्की कोणावर, हे आता तिला नीट सांगता आलं नसतं.

दोन वाजून दहा मिनिटांनी खिडकी उघडली.

"नाना, हा गुण कमी करण्याचा अर्ज..." ललितनं सुरुवात केली.

"परत आलास का तू?" नानांनी कपाळाला हात लावला. "अरे, तीस वर्षं झाली मला या खुर्चीत. गुण वाढवा म्हणणारे रोज येतात, कमी करा म्हणणारा तू पहिला. त्याचा नमुनाच नाही!"

"आणि माझ्या अर्जाचं काय?" दिपमाला म्हणाली.

"पेपर कुठे गेला त्याचा पुरावा आणा."

"हा काय पुरावा! हा पेपर, हा मुलगा, ही मी! नाना, बठ्ठं गाव मले इचारस, पोरगी पेपरले गयी व्हती का सिनेमाले? काय सांगू?"

साक्रीची बोली ऐकून नाना जरा नरमले. बराच वेळ कपाट धुंडाळून त्यांनी एक पिवळट कागद काढला. सख्ख्या भावंडांच्या गुणांची अदलाबदल झाली, तर दोघांनी मिळून भरायचा तो नमुना होता. "एवढाच संयुक्त अर्ज आहे. भरा. रकाना एकही रिकामा नको, साहेब परत पाठवतात."

दोघांनी नाव, नंबर, पत्ता भरला. मग पेन थबकलं. 'दुसऱ्या अर्जदाराशी नाते.'

"ओळख नाही, असं लिहा," दिपमाला पुटपुटली.

ललितनं तिच्याकडे पाहिलं, पेन घेतलं आणि लिहिलं— 'ठरायचे आहे.'

"अहो! हे विद्यापीठाचं काम आहे!" तिच्या कानशिलापर्यंत लाली चढली. तेवढ्यात नानांनी न वाचताच शिक्का मारला.

मग तिच्या ध्यानात आलं. "पण... तुमचं वर्ष जाईल ना?"

"कंपनीत लॅबची नोकरी लागली होती, तीही जाईल. पण गुण तुमचेच आहेत, त्यात माझं काय जाणार?" तो हसला, पण पेनाचं टोपण त्याला दोनदा बसवता आलं नाही.

गुरुवारी साहेब सापडले. तिच्या मार्कशीटवर एकाहत्तर आले, ललितच्या मार्कशीटवर 'अनुपस्थित'. शुक्रवारी तिला धुळ्यात प्रवेश मिळाला आणि त्या आनंदात ती एसटी स्टँडवर एकटीच रडली. त्या रात्रीपासून ललितच्या फेरपरीक्षेसाठी रोज फोनवर बेंझिन सुरू झालं. अहो-जाहो कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

ऑक्टोबरात फेरपरीक्षेला ती केंद्राच्या दारात उभी होती. "स्टिकर चिकटवायच्या आधी नंबर वाच. दोनदा!"

तीन तासांनी तो शाईनं माखलेली बोटं घेऊन बाहेर आला.

"हजर होतास ना?"

"शेवटच्या घंटेपर्यंत. चार चौकोन झाले."

तिनं पर्समधून त्या पिवळट अर्जाची पोच म्हणून मिळालेली शिक्क्याची प्रत काढली. इतके दिवस जपून घडी घातलेली. 'ठरायचे आहे' या शब्दांभोवती तिनं हळूच चौकोन काढला आणि आत एक तिरपी रेघ मारली.

ललितचा चेहरा उतरला. "म्हणजे... नको?"

"म्हणजे ठरलं, येड्या," तिनं पेन त्याच्या हातात दिलं. "मन्हाकडून ठरलं. आता तू लिव. रकाना रिकामा चालत नाही."

त्यानं तिथंच पायरीवर बसून लिहिलं आणि कागद तिच्यापुढे धरला. दिपमालानं तो दोनदा वाचला, आणि खाली सही केली.