येऊ का?

आमच्या भिंगरीला एमआरआयला घेऊन गेले ती सकाळ अगदी साधी होती. देवापुढे दिवा लावला, डबा घेतला, पाण्याची बाटली घेतली आणि निघालो. भिंगरी म्हणजे आमची लेक. लहानपणी घरभर गरगर फिरायची म्हणून ह्यांनी ठेवलेलं नाव. आता शिवणाच्या दुकानात कापड बेतायला जाते, तरी नाव तेच राहिलं.

तिला एक विचित्र दुखणं जडलं होतं. हातातलं काम चालू असताना मधेच थांबायची, मान वळवायची आणि "आले, आले" म्हणत उठायची. दारावर कुणी थाप मारली की आपण म्हणतो ना, अगदी तसं. पण दाराकडे जायची नाही. बैठकीतल्या कोऱ्या भिंतीपाशी जायची, तिला कपाळ टेकायची आणि हाताने चाचपत राहायची... कडी शोधल्यासारखी. मग भानावर यायची, आणि काही म्हणता काही आठवायचं नाही.

घरात होतं तोवर मी धीर धरला. पण एकदा दुकानातून येताना भर रस्त्यात "आले, आले" झालं. ट्रकवाल्याने करकचून ब्रेक दाबला म्हणून लेक घरी आली. पुढचा दाबेलच असं थोडंच आहे?

सगळ्या तपासण्या झाल्या. रक्त चांगलं, डोक्याला तारा लावून काढलेली रेघ चांगली, मेंदूचा फोटो स्वच्छ. "काही सापडत नाही, ही चांगलीच गोष्ट आहे," डॉक्टरीणबाई म्हणायच्या. मी मात्र त्याच दिवशी मीठ सोडलं. देवाला म्हटलं, माझी लेक धड माझ्या हाती देशील तेव्हाच खाईन.

"आज नुसता फोटो नाही काढायचा," डॉक्टरीणबाईंनी मला समजावलं. "मेंदू काम करताना बघायचा. ऐकलं की एक जागा उजळते, बोललं की दुसरी. आत असताना तिला झटका आला, तर नेमकं काय होतं ते कळेल."

मशीन चालवणारा मुलगा हसतमुख होता. कानातलं, पिना, सगळं काढून घेतलं. "सुईबिई नाही ना कुठे? टेलरबाई म्हणून विचारतो."

"जिभेवर आहे," भिंगरी म्हणाली. "ती काढता येत नाही."

तो हसला, मीही हसले. तिने माझ्या गालाला हात लावला. "चल, जाते गं आई."

"जाते नाही म्हणू. किती वेळा सांगायचं? येते म्हणावं."

"बरं बाई, येते." ती मला चिडवायला मुद्दाम चुकायची. रोज दुकानात जाताना आमचं हेच चालायचं. ती म्हणणार जाते, मी म्हणणार येते म्हण, आणि ती येते म्हणाली की मी म्हणणार, ये हं. तेवढं झाल्याशिवाय माझ्या जिवाला चैन पडायचं नाही.

आम्ही काचेच्या अलीकडे बसलो. खोली गार होती आणि स्पिरिटचा वास होता. पलीकडे मशीनच्या तोंडातून भिंगरीची पावलं तेवढी बाहेर दिसत होती. मग आवाज सुरू झाला. ठक, ठक, ठक... दार ठोठावल्यासारखा.

पडद्यावर राखी रंगाचा मेंदू दिसत होता. ठकठक थांबली की डॉक्टरीणबाई बटण दाबून माइकमध्ये काहीतरी विचारायच्या. ऐकताना कानाजवळची एक जागा नारिंगी उजळायची, भिंगरी उत्तर देऊ लागली की दुसरी. चुलीतल्या निखाऱ्यावर कुणी फुंकर घालावी तसं.

मग डॉक्टरीणबाई गप्प बसल्या. ठकठकही थांबलेली होती.

कानाजवळची जागा उजळली.

"माइक बंद आहे ना?"

"बंद आहे, मॅडम."

जागा विझली. थोडी थांबली. पुन्हा उजळली. कुणी काही विचारावं, उत्तराची वाट बघावी आणि पुन्हा विचारावं, तशी.

डॉक्टरीणबाईंनी बटण दाबलं. "काय ऐकू येतंय तुला?"

स्पीकरमधून भिंगरीचा आवाज आला, हळू. "कुणीतरी विचारतंय... येऊ का म्हणून. आई, मी दार उघडायलाच उठत असेन बहुतेक. दार सापडत नव्हतं... इथे आवाज अगदी जवळ आहे गं. इथे मधे भिंतच नाहीये."

"तिला बाहेर काढा," मी म्हटलं.

"काढतोच," मुलगा म्हणाला आणि उठला.

तेवढ्यात स्पीकर पुन्हा बोलला. भिंगरीचाच आवाज. लहानपणी पावसात भिजून दाराशी उभी राहायची, तसा रडवेला. "आई... येऊ का?"

डॉक्टरीणबाईंचं बोट बटणावरच होतं. मी काही विचार केला नाही. आई कशाला विचार करेल? "ये बाळा," मी माइकमध्ये म्हटलं. "ये हं, ये."

डॉक्टरीणबाईंनी माझं मनगट धरलं. त्या पडद्याकडे बघत होत्या. "बोलण्याची जागा उजळलीच नाही," त्या पुटपुटल्या. "आत्ता ती बोललीच नाहीये..."

मग ती जागा उजळली, मंद. स्पीकरमधून बारीक आवाज आला.

"आई... मी नव्हतं विचारलं."

आणि मग, "जाते गं."

जन्मभर तिला त्या शब्दावर अडवलं. त्या वेळी तेवढं अडवायचं राहून गेलं.

पडदा काळा झाला. आणि मग सगळा मेंदू एकदम उजळला. नवीन माणूस घरात राहायला आलं की प्रत्येक खोलीत जाऊन दिवा लावून बघतं ना, तसा एकेक कोपरा.

भिंगरी बाहेर आली ती ताजीतवानी. "छान वाटतंय," म्हणाली, आणि स्वतःचे हात उलटसुलट करून बघितले. नुसता फोटो परत एकदा काढला. तो आधीच्या फोटोशी ताडून बघताना डॉक्टरीणबाई मुलावर चिडल्या. "ही कुणाची फाइल लावलीस? मेंदूच्या घड्या बोटांवरच्या रेषांसारख्या असतात, त्या अशा बदलत नाहीत." मुलगा शपथा घेत होता, की फाइल हिचीच आहे. शेवटी मशीन बिघडलं असेल म्हणून विषय मिटला.

दुखणं गेलं. पुन्हा कधी "आले, आले" झालं नाही. ह्यांनी तर पेढ्यांसाठी पिशवीच उचलली होती. "आता तरी मीठ खा," भिंगरीच मला म्हणते, "मी बरी झाले ना?" मी हसून टाळते. देव माझा हिशेब विसरणार नाही, एवढी आशा मला अजून आहे.

कारण ती आता कधी चुकत नाही. रोज सकाळी पिशवी खांद्याला लावून उंबऱ्यावर उभी राहते आणि म्हणते, "येते हं, आई." आणि मी "ये" म्हणेपर्यंत हलत नाही. पापणीसुद्धा हलवत नाही. मी रोज म्हणत होते.

परवा नाही म्हटलं. ओठ गच्च मिटून देवाचं नाव घेत बसले. ती उंबऱ्यावर हसत उभी. बराच वेळ गेला. तिच्या कपाळावर घाम आला, हसू तसंच. आणि माझ्या पाठीमागच्या त्या कोऱ्या भिंतीतून, अगदी आतून, ओळखीचा आवाज आला.

"आई, म्हणू नकोस... अजून थोडंच..."

फाटकापाशी ह्यांनी स्कूटर चालू केली होती. तिला दुकानात सोडायला हेच जातात. हॉर्न वाजवून ओरडले, "काय गं, मायलेकींचं काय चाललंय? तुझ्या आईचं आज मौन दिसतंय! थांब, तिच्या वाटचं मी म्हणतो. ये गं बाळा, ये!"

तिने घाम पुसला आणि पायरी उतरली. भिंत गप्प झाली. मी तिला कान लावला, कपाळ टेकलं, हाताने चाचपलं. काही नाही.

काल दुपारी आम्ही तिघं जेवत होतो. मी माझं अळणी वाढून घेतलं होतं. ह्यांनी घास उचलला, मधेच थांबले, आणि मान वळवली.

"आलो, आलो," हे म्हणाले, आणि उष्ट्या हातानेच उठले. भिंतीकडे.

भिंगरीने वर बघितलंसुद्धा नाही. माझ्या ताटात चिमूटभर मीठ वाढत म्हणाली, "बाबांचाही फोटो काढून घेऊ या, आई."