आई गुणिले तीन

फैजपूरला पारसमलशेठच्या खताच्या दुकानावर दोन खोल्या आहेत. खाली युरियाचा वास, वर शेठचा मुलगा तरुण याचा कॉम्प्युटर क्लास. तिथे डिंपल पायथन शिकवायची, म्हणजे नवख्यांना प्रोग्रॅम लिहायला शिकवतात ती भाषा. तिचं शिकवणं मोठं झणझणीत. "दोन अधिक दोन चार. पण दोघांना अवतरणचिन्हांत घाला, की बावीस. अवतरणात गेला की आकडा आकडा राहत नाही, मजकूर होतो. नवरदेव घोड्यावर चढला की अक्कल खाली राहते ना, तसं." मुलं हसायची आणि लक्षात ठेवायची.

मे महिन्यातल्या एका दुपारी मजकुराला आकड्याने गुणायचा धडा होता. शब्द गुणिले तीन केलं की तो तीनदा छापून येतो, एवढंच. डिंपलने उदाहरण घेतलं, 'आई' गुणिले तीन. "भूत दोनदाच हाक मारतं म्हणतात. तिसरी आल्याशिवाय ओ देऊ नये. आपला कॉम्प्युटर तीनदा मारतो, म्हणजे तो भूत नाही."

हसत म्हणाली खरी, पण ते हसू तिला सोपं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी अशाच भर दुपारी तिचा भाऊ चंदन केळीच्या बागेत ठिबकच्या नळ्या बघायला गेला, तो आलाच नाही. चपला तेवढ्या बांधावर सापडल्या. पोलीस म्हणाले, सुरतला गेला असेल. डिंपलने तेच धरून ठेवलं होतं. आई, पुष्पाबाई, मात्र सांगायची की बागेतून 'चंदन, चंदन' अशी दोनदा हाक आली आणि पोराने ओ दिली.

सगळ्यांच्या पडद्यावर 'आई' तीनदा आलं. खिडकीजवळच्या मशीनवर दोनदाच.

आकडा चुकून अवतरणात गेला असेल म्हणून डिंपलने वाकून बघितलं. तसं असतं तर मशीननेच चूक दाखवली असती. तिने तिनाचे पाच केले. आई आई. सगळं पुसून नव्याने लिहिलं. आई आई. आणि खाली कर्सर लुकलुकत होता, कुणी उत्तर टाकायची वाट बघत असल्यासारखा. उत्तर मागणारी ओळ तर तिने लिहिलीच नव्हती.

तेवढ्यात पुष्पाबाई डबा घेऊन वर आल्या. शिक्षण चौथीपर्यंतचं, पण हा शब्द त्यांना दारातूनच वाचता आला.

"अवं डिंपे, ह्ये कोनं लिवलं व?" डिंपे म्हणणारी जगात एकटी आईच.

"मशीन बिघडलंय, आई."

"बिघडलं नाही. तो हाका मारू राह्यला." त्यांनी खुर्ची ओढली. "आता तिसरी मारू दे त्याले. तिसरी मारली म्हंजे जित्ता हाये. मंग देईन मी ओ."

मग रोज दुपारी त्या यायच्या आणि त्या खुर्चीत बसायच्या. घरी ताट तसंच राहू लागलं. डिंपल रागावली, रडली, तरुणकडून मशीन उघडून घेतलं. त्याला काही सापडलं नाही. आई वाळत चालली होती आणि पडद्यावरचे दोन शब्द तिसऱ्याला जागा ठेवून बसले होते.

एका दुपारी मुलं गेल्यावर आईचा डोळा लागला. डिंपलने विचार केला, एका शब्दाचा तर प्रश्न आहे. आई घरी येईल, दोन घास खाईल. तिने हलकेच कीबोर्ड ओढला आणि कर्सरपाशी स्वतःच्या हाताने तिसरा 'आई' लिहिला. लिहिताना तिला भरून आलं.

"आई, बघ."

पुष्पाबाईंनी पडद्यावर बोट ठेवून मोजलं. त्यांचा चेहरा असा उजळला की डिंपलला वाटलं, हे आपण आधीच का नाही केलं.

"ओ," त्या म्हणाल्या. "आली रे बाबा."

आणि जिना उतरू लागल्या.

डिंपल मशीन बंद करून लगेच मागे गेली. जिन्याच्या तोंडाशीच पारसमलशेठ पोती मोजून घेत होते.

"शेठ, आई कुणीकडे गेली?"

"जिन्यावरून कोणी उतरलं नाही, बेटा. मी इथेच आहे."

खालच्या पायरीवर आईच्या चपला होत्या.

बागा पालथ्या घातल्या, विहिरी बघितल्या. पोलीस म्हणाले, मुलाला शोधायला सुरतला गेल्या असतील.

पावसाळ्यात क्लास पुन्हा भरू लागला. डिंपलने तरुणला सगळं सांगितलं होतं, तिसरा शब्द आपणच लिहिला तेही. तो भला माणूस, त्याने सगळा दोष मशीनला दिला. खिडकीजवळ मुलांना ती बसू देत नसे. एका दुपारी बघितलं तर मशीन चालू होतं. प्रोग्रॅमची पाटी कोरी होती, एकही ओळ लिहिलेली नव्हती. खाली पडद्यावर मात्र छापून आलं होतं,

डिंपे डिंपे

कर्सर लुकलुकत होता.

तरुण चहा घेऊन आला, तिच्या तोंडाकडे बघितलं, मग पडद्याकडे.

"परत अडकलं वाटतं. तुम्ही बसा, ताई," तो मायेने म्हणाला आणि कीबोर्ड पुढे ओढला. "तिसरा मी टाकून देतो."

नको म्हणायला डिंपलने तोंड उघडलं. तोंडात ओ आधीच येऊन बसली होती.