बारा किडन्या आणि एक खाच

जगातलं यच्चयावत प्रेम हृदयातून सुरू होतं. हे त्रिकालाबाधित सत्य आहे. कवी, शाहीर, लग्नपत्रिका छापणारे आणि ट्रकच्या मागे बदामात बाण काढणारे पेंटर या सगळ्यांचं त्यावर एकमत आहे.

केयूरचं प्रेम किडनीतून सुरू झालं. तेही स्वतःच्या नव्हे, रोहिदासच्या.

रोहिदास हा चाकणच्या एका टूलरूममधला, म्हणजे गाड्यांच्या रबरी भागांचे साचे बनवणाऱ्या कारखान्यातला, मशीनवरचा कारागीर. मूळचा परभणीकडचा. केयूर तिथेच डिझाइन इंजिनिअर. जानेवारीतल्या एका सकाळी रोहिदास कंबर धरून मशीनशेजारी जो बसला, तो उठेचना. केयूरने त्याला गाडीत घातलं आणि पिंपरीच्या रुग्णालयाकडे निघाला. मोशीच्या सिग्नलला रोहिदासने विठ्ठलाला हाक मारली, भोसरीत आईला, आणि नाशिक फाट्यावर थेट यमाला.

"साहेब, लई दुखायलंय. माझ्या मागं मशीनला तेल घालायला सांगा."

रोहिदासला तपासायला आत नेलं, आणि केयूर व्हरांड्यात येरझाऱ्या घालू लागला. टोकाच्या खोलीचं दार उघडं होतं. आत पांढऱ्या कोटातली एक तरुण डॉक्टर टेबलावर वाकून, ओठ दातात धरून, एका दुधी भोपळ्यात हळूहळू लांबलचक सुई खुपसत होती.

केयूर थबकला. मग राहवेना.

"पेशंट गंभीर आहे का?"

तिने मान वर केली नाही. "खडा आहे."

"दुधीला?"

"मीच ठेवलाय आत. हलू नका, तुमची सावली पडतेय."

केयूर श्वास रोखून उभा राहिला. सुई थांबली. आतून बारीकसा 'टक्' असा आवाज आला. मग तिने वर पाहिलं आणि हसली… आणि सावली हलवायची असते, हे केयूर साफ विसरला.

ती डॉ. मधुवंती. मूत्ररोगाच्या शस्त्रक्रियेचं प्रशिक्षण घेत होती. पाठीला पेन्सिलीएवढं भोक पाडायचं, तिथून दुर्बीण आत न्यायची आणि खडा फोडून बाहेर काढायचा, हे तिचं शास्त्र. सगळी मदार पहिल्या सुईवर. ती सुई बरोबर जागी गेली नाही, तर पुढचं सगळं रक्तबंबाळ.

"सहा आठवड्यांनी चिंचवडला आंतरराष्ट्रीय परिषद आहे," ती म्हणाली. "अकरा देशांचे डॉक्टर येतायत. त्यात नवशिक्यांना सुई घालायला शिकवायची कार्यशाळा मी मागून घेतलीय. परदेशी बनावटीची खोटी किडनी विभागात एकच आहे. मला बारा हव्यात."

"आणि नाही मिळाल्या तर?"

"मग दुधी आहेच." तिने सुई बाहेर काढली. "माझी पहिली सुई खऱ्या माणसाच्या पाठीत गेली होती. माझा हात कापत होता. त्याला ते माहीत नव्हतं… मला होतं. माझ्यानंतर येणाऱ्या एकाचीही पहिली सुई माणसात जाऊ द्यायची नाही, असं मी ठरवलंय."

हे तिने 'आज भाजी आणायचीय' इतक्या साध्या सुरात सांगितलं. केयूरच्या डोक्यातून रोहिदास पार निघून गेला. चहा नाही प्यायलो म्हणून असेल, असं त्याने स्वतःला समजावलं.

"आम्ही साचे बनवतो," तो म्हणाला. "रबर, सिलिकॉन. हेडलाइटच्या मागे जे काळं बूच असतं ना…"

"बूच नको. किडनी जमेल?"

"ड्रॉइंग द्या."

चाकणच्या पट्ट्यात माणसं प्रेमाची कबुली देतात, ती साधारण याच शब्दांत.

पुढच्या आठवड्यात मधुवंतीने एका पेशंटच्या डाव्या किडनीचं चित्र छापून दिलं. पेशंटचं नाव कोणाला कळू नये म्हणून चित्राच्या चारही कडा तिने कात्रीने नेटक्या कापल्या होत्या. केयूरने ते चित्र टेबलाच्या काचेखाली ठेवलं. लोक तिथे देवाचा फोटो ठेवतात.

मग नमुन्यांचे दिवस सुरू झाले. साचा तयार व्हायला वेळ होता, तोवर सिलिकॉन किती मऊ हवं हे ठरवायला केयूर साध्या चकत्या ओतून स्टीलच्या डब्यात घालून आणायचा. रहाटणीतलं त्याचं घर आणि पिंपरीतलं रुग्णालय जवळ, पण चकत्या नेमक्या घरी जायच्या वेळीच का तयार व्हायच्या, हे कोणी विचारलं नाही.

"ही कडक आहे," मधुवंती चकतीत सुई घालून म्हणायची. "हे टायर आहे."

दोन दिवसांनी, "हा शिरा आहे."

"बेदाणे घालू का?"

"खडा घाला. आणि आज पाणी किती प्यायलात?"

"दोन लिटर."

तिने त्याच्या ओठांकडे पाहिलं. वैद्यकीय कारणासाठीच, पण केयूरचे कान तापले.

"खोटं. जेमतेम एक ग्लास. मशीन सोडून जाता येत नाही म्हणून तुमच्याकडचे सगळे पाणी प्यायचं टाळतात, आणि मग माझ्या टेबलावर येतात."

दुसऱ्या दिवशी तिने त्याला एक बाटली दिली. बाटलीवर मार्करने रेघा मारल्या होत्या: अकरा वाजता इथपर्यंत, एक वाजता इथपर्यंत, चार वाजता तळ. लोक गुलाब देतात, अंगठ्या देतात. केयूरने ती बाटली दोन्ही हातांनी घेतली आणि त्या दिवसापासून घड्याळ लावून प्यायला लागला. टूलरूममध्ये तो दर तासाला गायब होऊ लागला, तेव्हा मालकांना वाटलं, पोरगं दुसरीकडे नोकरी बघतंय.

रोहिदासचा खडा एव्हाना निघाला होता. तो कामावर परतला आणि एका शनिवारी मधुवंती साचा बघायला चाकणला आली, तेव्हा छाती फुगवून सामोरा गेला.

"डॉक्टरबाई, तुमच्यामुळं उभा हाय मी. पर साहेबांचं बी कायतरी बघा. चकत्या ओतताना गाणी म्हणायलेत."

"रोहिदास, मशीन बघ," केयूर म्हणाला.

"बघायलोय की. मशीनच सांगायलीय."

मधुवंती हेल्मेट घालून उभी होती. हेल्मेट दोन मापं मोठं. ते सारखं कपाळावर घसरत होतं, आणि ती एका बोटाने मागे सारत साच्याकडे बघत होती. साच्याकडेच… बहुतेक.

परिषदेच्या आदल्या दिवशी दुपारी केयूरने बारा किडन्या रुग्णालयात पोचवल्या. त्या ज्यात बसवायच्या ती खोकी आधीच आली होती. भोसरीच्या एका फायबरवाल्याने ती त्या एकुलत्या परदेशी नमुन्यावरून बनवली होती: आत किडनीची बैठक, वर बरगड्यांचं झाकण आणि झाकणाला डाव्या बाजूला सुईसाठी खिडकी. मधुवंतीने पहिली किडनी उचलली. खोक्यात ठेवली. काढली. फिरवून ठेवली. पुन्हा काढली.

"केयूर," ती हळूच म्हणाली. "ही उजवी आहे."

"डावी आहे. चित्र बघा ना." त्याने खिशातून चित्र काढलं. "पाठीतून सुई घालायची, म्हणून मी चित्र पाठीकडून धरलं. गाडीचंही तसंच असतं, मागून बघायचं. चालकाचं डावं ते गाडीचं डावं."

"आमच्यात पेशंट समोर तोंड करून उभा आहे असं धरून बघतात. त्याचं डावं आपल्या उजव्या हाताला."

"हे कुठं लिहिलंय?"

"चित्राच्या कडेला. तिथे बाजूचं अक्षर असतं." ती चित्राच्या कापलेल्या कडेकडे बघत राहिली. "…जी मी कापून टाकली."

खोलीत बारा किडन्या, बाराही उजव्या. केयूरला वाटलं, जमीन दुभंगावी. ती दुभंगली नाही. पण तेवढ्यात विभागप्रमुख डॉ. दिग्विजय आत आले. दुभंगलेल्या जमिनीच्या मानाने ते बरेच बोलके होते.

"अगं, कोंबून बसव!" सगळं ऐकून ते म्हणाले. "झाकण लागल्यावर आतलं कोणाला दिसतंय?"

"सर, सुई घालणाऱ्याला कळेल."

"नाही कळणार."

"नाही कळलं तर ते जास्त वाईट, सर. तो चुकीची बाजू शिकून घरी जाईल."

"मग कार्यशाळा रद्द कर. जपानहून प्रोफेसर मोरिता येतायत, त्यांच्यापुढे विभागाची शोभा नको. संध्याकाळी सहापर्यंत काय ते सांग." आणि ते स्वागतासाठी पुष्पगुच्छ निवडायला गेले.

मधुवंतीचे डोळे भरून आले असते. पण तिने ते येऊ दिले नाहीत. कोटाच्या बाह्या वर केल्या आणि म्हणाली, "नवा साचा?"

"चार दिवस."

"आपल्याकडे किती आहेत?"

"तीन तास." केयूर खोक्याभोवती फिरला. एकदा, दोनदा. "किडनी बदलता येत नाही… पण खोकं बदलता येईल. दुसऱ्या बाजूला बैठक कोरतो, झाकणाला उजवीकडे खिडकी पाडतो. मग खोकं दोन्ही बाजूंना चालेल. आणि प्रत्येक बैठकीत एक खुंटी बसवतो, किडनीला तशी खाच. उजवी किडनी डावीकडे बसणारच नाही. कोंबली तरीही नाही. माणूस चुकतो हे धरूनच वस्तू बनवायची. आमच्या लाइनवर हेच शिकवतात."

"मग माझ्या वेळी का नाही धरलंत?"

"तुमच्या वेळी माझं लक्ष…" तो अडखळला. "लाइनवर नव्हतं."

ती लाल झाली. मग मोबाईल काढून विभागप्रमुखांना फोन लावला. "सर, कार्यशाळा होणार. सहा वाजायची वाट बघायची गरज नाही."

दोघं खोकी आणि किडन्या घेऊन चाकणला गेली. रोहिदासने ओव्हरटाइम घेतला. केयूरने लेथवर खुंट्या कातल्या. मधुवंती खिडक्यांच्या कडा पॉलिशपेपरने घासत बसली, आणि दर अर्ध्या तासाने तिघंही तिच्या हुकमाने पाणी प्यायली. आठच्या आत बारा खोकी टेम्पोत चढली.

सकाळी चिंचवडच्या सभागृहात केयूर सगळ्यांच्या आधी हजर. पण दारावर अडला. आयोजकांच्या यादीत माणसांचे तीनच प्रकार होते: डॉक्टर, विक्रेते आणि सोबतची व्यक्ती. डॉक्टर तो नव्हता, विकायला काही आणलं नव्हतं. बिल्ले वाटणाऱ्या बाईंनी त्याच्या गळ्यात 'सोबतची व्यक्ती' घातलं आणि हातात पिशवी दिली. पिशवीत टोपी, पेन, आणि डॉक्टरांच्या पत्नींसाठी ठेवलेल्या कार्यक्रमाचं एक कूपन: दुपारी तीन वाजता मेंदी.

अकरा वाजता मधुवंती मंचावर उभी राहिली. पहिल्या रांगेत पांढऱ्या केसांचे प्रोफेसर मोरिता, शेजारी डॉ. दिग्विजय, हसरे आणि घामाघूम. केयूर मागच्या भिंतीला टेकून उभा. बाटली पहिल्या रेघेच्या बरीच खाली गेलेली. घाबरल्यावर दुसरं काय करायचं, हे त्याला सुचलं नव्हतं.

"ही किडनी उजवी आहे," ती म्हणाली. "काल दुपारी तीनपर्यंत ती डावी आहे असं आम्हाला वाटत होतं."

सभागृह हसलं. डॉ. दिग्विजय यांनी डोळे मिटले. मधुवंतीने कापलेल्या कडांपासून सगळं सांगितलं, काही न लपवता. कोणाचं नाव पुढे करून ती मागे लपली नाही. "दोन शिकलेली माणसं एकाच चित्राकडे बघत होती आणि दोन बाजू बघत होती. शस्त्रक्रियेच्या टेबलावर हे घडलं तर तिथे हसायला कोणी नसतं. म्हणून आता हे खोकं चूक स्वीकारतच नाही."

प्रोफेसर मोरिता उठले. मंचावर आले. त्यांनी किडनी हातात घेतली आणि मुद्दाम चुकीच्या बाजूला बसवायला गेले. बसेना. दाबली. बसेना. मग त्यांनी खाचेवरून अंगठा फिरवला, लहान मुलाला नवं खेळणं मिळावं तसे हसले आणि विचारलं, "हे कोणी केलं?"

"आमच्या विभागाची कल्पना," डॉ. दिग्विजय खुर्चीतूनच म्हणाले.

मधुवंतीने सरळ मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. "त्यांनी. चाकणहून आलेत."

तीनशे माना वळल्या. 'सोबतची व्यक्ती'ला कुठे बघावं कळेना, म्हणून त्याने आणखी एक घोट घेतला. मोरिता त्याच्याकडे वळून कमरेत वाकले. केयूरही वाकला. जपानी तपासनीस कारखान्यात यायचे तेव्हापासूनची सवय. दोघं एकमेकांकडे बघत दोनदा वाकले, आणि तिसऱ्यांदा वाकावं की नाही, या विचारात दोघंही अर्ध्यावर थांबले.

दुपारपर्यंत बारा टेबलांवर छत्तीस नवशिक्यांनी पहिली सुई घातली. कितीतरी हात थरथरले. रक्त कोणाचंही आलं नाही. मधुवंती टेबलाटेबलांतून फिरत होती आणि शेवटच्या मुलाची सुई 'टक्' करून थांबली, तेव्हा तिने एक दीर्घ श्वास सोडला, जणू स्वतःच्या पहिल्या सुईपासून तो कोंडून ठेवला होता.

चारच्या सुमाराला ती बाहेर आली. केयूर व्हरांड्यात उभा होता, हातात रिकामी बाटली. खिडकीतून उन्हाची तिरीप तिच्या गालावर पडली होती आणि केसांत पॉलिशपेपरची बारीक धूळ अजून तशीच होती.

"मोरितांनी त्यांच्या विद्यार्थ्यांसाठी मागितल्यात," ती म्हणाली. "डाव्या. नवा साचा चार दिवसांत होईल ना?"

"चार दिवसांत होतो…" तो म्हणाला. "मला मात्र चार दिवस पुरणार नाहीत."

"मग?"

केयूरने रात्रीपासून एक भाषण पाठ केलं होतं. त्यात तीन उपमा होत्या. तिच्या समोर उभा राहिला आणि तिन्ही गेल्या.

"मधुवंती, मी तुमच्या दुधीच्या प्रेमात… म्हणजे दुधी बघताना तुमच्या… मी पाणी किती प्यायलो हे तुम्ही आयुष्यभर विचारावं असं वाटतं. लग्न करूया का?"

त्याच्या गळ्यातला बिल्ला तिने हातात घेतला, वाचला, आणि सरळ लावला. मग त्याच्या पिशवीत हात घालून ते कूपन काढलं.

"मेंदीची वेळ गेली," ती म्हणाली. "पण हे मी ठेवून घेते. आईला दाखवायला लागेल. रविवारी घरी ये, संत तुकाराम नगरला. उशीर करू नकोस."

'ये'. 'करू नकोस'. केयूरच्या कानात सनई वाजली, चौघडा वाजला. डोळ्यांत पाणी आलं. आजच्या दिवसात त्याच्या शरीरात पाण्याची कमतरता नव्हतीच. त्याने तिचा हात हातात घेतला.

"मधुवंती… एक विनंती आहे. नाही म्हणू नकोस."

"बोल ना," ती कुजबुजली.

"तुझ्या बाटलीचा तळ मी दोनदा गाठलाय. सकाळपासून अकरा देशांच्या मूत्ररोगतज्ज्ञांना विचारतोय, एकालाही पुरुषांचं स्वच्छतागृह सांगता येईना. कुठंय?"

"डावीकडे."

केयूर एक पाऊल टाकून थांबला. समोरासमोर उभ्या असलेल्या तिच्याकडे त्याने पाहिलं, मग स्वतःच्या दोन्ही हातांकडे.

"तुझ्या की माझ्या? … नाही, राहू दे. हात करून दाखव. लवकर."