चूलबंद हळद

तुळशीची लग्नं नुकतीच लागलेली. आभाळ धुतल्यासारखं निळं. आणि अशा कोरड्या ठणठणीत दुपारी, नौपाड्याच्या एका गल्लीत, मंजुळेच्या डोक्यावर गारा पडल्या.

पांढऱ्या, हलक्या, न वितळणाऱ्या. वेणीत शिरल्या, ओढणीला चिकटल्या, झटकायला जावं तर हातालाच बिलगून बसल्या. तिनं मान वर केली. माळ्याच्या खिडकीत एक सावळा तरुण, हातात करवतीचं पातं, आणि समोर थर्माकोलचा भलाथोरला हंस, मान अर्धी कापलेला.

"अहो, हा काय प्रकार?"

"हंस आहे," तो म्हणाला. "लग्नाचा."

"हंस दिसतोय मला. त्याचा भुसा माझ्या डोक्यात का?"

तो धडाधडा जिना उतरून खाली आला. हात तिच्या केसांकडे गेला... आणि अधांतरीच थांबला.

"काढू का? म्हणजे— नको. तुम्हीच काढा." मग जरा थांबून, "पण छान दिसतायत. मोगऱ्याच्या कळ्या माळल्यासारख्या."

"मोगरा दोन दिवसांत कोमेजतो. तुमचं हे पीक माझ्या पतवंडांनाही पुरून उरेल."

"लग्न झालंय तुमचं?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"नाही... पतवंडांचा विषय तुम्हीच काढलात!"

मंजुळा फणकाऱ्यानं वळली आणि चालायला लागली. कोपऱ्यावर पोचल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण हसतोय.

मंजुळा कारखानीस लोकांच्या घरची कार्यं पार पाडून द्यायची. आधी ती एका मंगल कार्यालयात व्यवस्थापक होती. एका संध्याकाळी पंगतीतला उरलेला भात आणि प्लॅस्टिकचे पेले एकाच गाडीतून खाडीकाठी ओतले जाताना तिनं पाहिले, आणि दुसऱ्या दिवशी नोकरी सोडली. आता घराच्या गॅलरीला छोटी पाटी होती— 'मंजुळा कारखानीस, कार्यव्यवस्था'. पळसाच्या पत्रावळी, माठातलं पाणी, कापडाचा मांडव, निर्माल्याचं खत. आणि माणसांचा अंदाज असा नेमका, की शेवटची पंगत उठली की पातेल्याचा तळ दिसायचा. लोक तिला पाठीमागे 'कचरेवाली बाई' म्हणायचे. ती म्हणायची, म्हणू देत.

घरात पत्रावळींच्या चवडी इतक्या, की वडिलांच्या, अप्पांच्या, वर्तमानपत्रालाही पळसाचा वास यायचा. अप्पा रागावणारे नव्हते, पण काळजी करणारे होते.

"मंजू, बारशी आणि मुंजी किती दिवस करणार? या मोसमात एक मोठं कार्य तुझ्या पद्धतीनं निभावून दाखव. नाहीतर डोंबिवलीच्या मंडळींना होकार कळवू."

डोंबिवलीचा मुलगा वाईट नव्हता. शांत होता, बँकेत होता. चहाची बशी खाली ठेवताना एवढंच म्हणाला होता, "लग्नानंतर हे पत्रावळींचं मात्र बंद करावं लागेल." जणू कुणी सर्दीवरचं औषध सांगावं.

त्यानंतर चारच दिवसांत हंसवाला गॅलरीतली पाटी शोधत दारात उभा राहिला. हातात पेढे, केस पाणी लावून बसवलेले.

"मी परशुराम नाखवा. कोपरीला असतो. माझ्या बहिणीचं, शेवंतीचं लग्न ठरलंय. हळद आणि लग्न, दोन्ही तुम्ही करा."

"मी? आणि तुमचे हंस?"

तो ओशाळला. "बाबा खाडीत जाळं टाकतात. पूर्वी बोय यायची, निवट्या यायच्या. आता माझेच हंस वर येतात. परवा म्हणाले, पोरा, मासे सोडून पक्षी धरायचा धंदा चालू केला मी."

मंजुळा इतकी खळखळून हसली की आतून आईनं डोकावून पाहिलं.

मग कोपरीच्या फेऱ्या सुरू झाल्या. रेल्वेचा पूल ओलांडला की वारा बदलायचा, ओल्या चिखलाचा, सुक्या मासळीचा, मिठाचा. या लग्नापुरता परशुरामनं थर्माकोलला हात लावायचा नाही ही पहिली अट होती. त्यानं ती पाळली, आणि बाबांची विरलेली जाळी मांडवाचं छत म्हणून ताणून बांधली. जाळ्याच्या डोळ्याडोळ्यात झेंडू. मंजुळा खालून दोरा द्यायची, तो शिडीवरून घ्यायचा. बोटाला बोट लागायचं... आणि दोरा हमखास खाली पडायचा.

"सारखा कसा पडतो हो तुमच्या हातून?"

"शिडी हलते."

"शिडी मी धरलेय."

"म्हणूनच हलते!"

त्याची आई, बायजा, उंबऱ्यात कोळंबी सोलत दोघांकडे पाहत राहायची. एकदा तिनं विचारलंच, "काय गो पोरी, मासली खातेस ना?"

"खाते मावशी. पोटात थर्माकोल नसलेली."

"बरा झाला," बायजा म्हणाली. कुणाचं बरं झालं, ते काही तिनं सांगितलं नाही.

हळदीच्या जेवणाचा अंदाज मंजुळेनं नेहमीसारखाच बांधला. परशुरामनं घरं सांगितली. नौपाड्यात पत्रिका गेली की घरटी दोघं येतात, फार तर तिघं. तिनं तिघं धरली, वर थोडी पत्रावळ जास्त मागवली. मुरबाडकडच्या बायकांनी ती टाचून दिली. परशुरामला यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही, आणि तिला विचारण्यासारखं.

हळदीची संध्याकाळ आली. बँडवाल्यांनी सनई धरली, शेवंतीच्या गालांना पिवळा रंग चढला. अप्पा खास निमंत्रणावरून येऊन पुढच्या खुर्चीत बसले होते. आणि गल्लीच्या तोंडाशी माणसं दिसू लागली. आजी, काठी टेकत. तिच्यामागे मुलगा, सून, सुनेच्या काखेत तान्हं. त्यांच्यामागे सुनेच्या माहेरचे पाहुणे. मग दुसरं घर, असंच. मग तिसरं.

"मावशी," मंजुळेनं बायजाला गाठलं, "ही सगळी एकाच घरातली?"

"मंग? आमच्यात हलदीला चूलबंद आवतान असते गो. त्या दिशी कुनाचेच घरात चूल पेटत नाय. म्हातारी, पोरं, पावने, समदी मांडवात जेवनार."

मंजुळेनं आचाऱ्यांकडे धाव घेतली. तांदूळ होता, डाळ होती, चुली पेटत्या होत्या. अन्न पुन्हा शिजलं असतं. पण पत्रावळी? पहिल्या पंगतीलाच चवड गुडघ्याएवढी उरली, दुसरीला वीतभर. तिसरी पंगत मांडवाबाहेर ताटकळत उभी. कुठूनतरी कुजबुज आली, 'कचरेवाली बाई...'

इतक्यात गर्दीतून वाट काढत परशुराम आला. खांद्यावर दुकानातून उचलून आणलेल्या थर्माकोलच्या थाळ्यांचा पांढराशुभ्र मनोरा.

"चूक माझीच. मी तुम्हाला चूलबंदचं सांगायला हवं होतं. हे घ्या. आजच्यापुरतं."

"नाही."

"मंजुळा, लोक उपाशी उभे आहेत! कोण बघतंय?"

"मी बघतेय."

"माझ्या बहिणीची हळद आहे ही!" त्याचा आवाज चढला. "उद्या आख्खी कोपरी म्हणेल, नाखव्यांनी माणसं बोलावली आणि वाढायला ताट नव्हतं. तुला तुझा हट्ट महत्त्वाचा!"

तिचे डोळे भरून आले. पण पाय हलले नाहीत. आज ही थाळी मांडवात आली, तर आपली पाटी आपल्याच हातानं उतरवायची, हे तिला स्वच्छ कळत होतं. पलीकडे अप्पा खुर्चीतून उठून उभे राहिले होते. डोंबिवलीची चहाची बशी तिच्या डोळ्यांपुढे आली.

"महत्त्वाचा आहे," ती म्हणाली. "आणि तुमची माणसंही. थोडं थांबा." ती बायजाकडे वळली. "मावशी, आज कुणाच्याच घरी चूल पेटली नाही ना?"

"नाय."

"मग त्यांची ताटं काय करतायत?"

शब्द गर्दीत पसरला, आणि काळुराम, परशुरामचा थोरला चुलता, काठी आपटत पुढे आला. "पाहुण्यानं घरचं ताट घेऊन जेवायला यायचं? भिकारी समजलात काय आम्हांला?"

माना हलल्या. दोन-चार माणसं उठून निघायच्या बेतात होती. मंजुळा त्यांना अडवायला पुढे झाली. आणि तिच्या शेजारी बायजानं कमरेला पदर खोचला, हळदीनं पिवळे झालेले हात हवेत उंचावले आणि गळा सोडला—

*आन गो बाये ताट, तुजे म्हायेरचा आंदन,*
*शेवंतीचे हलदीला, त्यात परू दे चांदन...*

सनई थबकली. बायकांच्या रांगेत कुणीतरी ती ओळ उचलली, मग तिच्या शेजारणीनं. आईनं लग्नात दिलेलं ताट! कुणाचं पितळेचं, कुणाचं काशाचं, कुणाचं जड स्टीलचं. फडताळात उभं करून वर्षानुवर्षं घासून ठेवलेलं. ते मिरवायला आजच्यासारखा दिवस कोणता? सगळ्यांत आधी उठली ती काळुरामची बायको.

"अगं, तू कुठं चाललीस?"

"माजे आयचा काशाचा ताट हाय. कोनाचेकडं हाय तसा?"

गल्ली रिकामी झाली आणि भरली. बायका ताटं छातीशी धरून आल्या, गात, एकमेकींना दाखवत. मांडवात ताटावर ताट वाजू लागलं. परशुरामनं तो पांढरा मनोरा खांद्यावरून उतरवला, दुकानदाराला परत देऊन आला, आणि बाह्या सरसावून भाताची बादली उचलली.

अप्पांना जे ताट मिळालं त्यावर कुण्या आवडाबाईचं नाव कोरलेलं होतं. ते निवांत जेवले. हात धुऊन लेकीजवळ आले.

"वरण उत्तम झालंय," ते म्हणाले. मग घसा साफ करून, "डोंबिवलीला काय सांगू?"

"सांगा, मुलगी कामात आहे."

अप्पांनी तिच्याकडे पाहिलं, नाखव्यांच्या पोराकडे पाहिलं. "दिसतंय," एवढंच म्हणाले आणि घराकडे निघाले.

पंगती उठल्या. नळावर बायका आपापली ताटं घासत, नावं वाचत, एकमेकींना चिडवत बसल्या. मांडवामागे केराचा ढीग शोधून सापडला नसता. मंजुळा पहिल्यांदाच टेकली, आणि तिला कळलं की सकाळपासून आपण जेवलो नाही. परशुराम समोर येऊन बसला. हातात एकच ताट. भात, वरण, कडेला लोणचं. त्याच्या कपाळालाही कुणीतरी हळद फासली होती.

"दुसरं उरलं नाही. सगळ्या जणी घेऊन गेल्या."

तिनं ताट फिरवून पाहिलं. काठावर टिंबाटिंबांनी कोरलेलं होतं, 'चि. परशुराम'.

"बारशाचं आहे," तो म्हणाला. "मघाशी... मी ओरडलो."

"ऐकू आलं."

"राग आलाय?"

"भूक लागलीय." तिनं पहिला घास घेतला. ताट किंचित त्याच्या बाजूला सरकवलं. त्यानंही घास घेतला. जाळ्यातल्या झेंडूंमधून खाडीचा वारा येत राहिला.

"या मोसमात थर्माकोलच्या दोन ऑर्डरी घेतलेल्या आहेत," तो मान खाली घालून म्हणाला. "शब्द दिलाय, त्या पुऱ्या करीन. खोटं नाही बोलणार तुझ्याशी. त्यानंतर एकसुद्धा नाही. बांबू, कापड, जाळी... जमेल मला. तू असलीस तर नक्की जमेल."

"हे कामाचं झालं."

"आणि..." त्याचं बोट ताटाच्या काठावरून फिरलं. "इथं, माझ्या नावाशेजारी जागा आहे. तुझं नाव घालू या?"

मंजुळेचे कान तापले. तिनं शांतपणे लोणच्याची फोड संपवली, बोटं पुसली.

"घालायचं तर पूर्ण घालायचं. 'मंजुळा कारखानीस, कार्यव्यवस्था.' माझ्या पाटीवर आहे तसंच. एक अक्षर गाळायचं नाही."

परशुरामनं काठ डोळ्यांनी मोजला. बोटांनी मोजला. हताश होऊन वर पाहिलं.

"अगं... पण एवढं मावणार कसं यात?"

"मग," मंजुळा म्हणाली, "ताट मोठं घे."