सहावा मोजा

चूक सोलेनचीच होती. फ्रान्समधल्या बूर्गयची वाइनची जत्रा, मार्चची भुरभुर, एका उभ्या पिंपावर शेजारी शेजारी ठेवलेले दोन पेले, आणि तिच्या डाव्या हातात घेवडा भरलेली गरम गरम फुए, म्हणजे भट्टीतली छोटी रोटी. तिनं न बघता उजवा हात लांबवला, घोट घेतला आणि डोळे मिटले.

"आमचीच," ती समाधानानं म्हणाली. "बूर्गयची."

"पेला माझा आहे," शेजारून आवाज आला, "आणि वाइनसुद्धा. शिनोंची."

सोलेननं डोळे उघडले. समोर एक उंच, भिजलेल्या केसांचा तरुण हसू दाबत उभा होता. त्याचं नाव तिबो. लुआर नदीपलीकडच्या शिनोंत त्याची स्वतःची द्राक्षबाग होती. सोलेनच्या तोंडचं पाणीच पळालं. बूर्गयच्या बागायतदाराच्या मुलीनं शिनोंची वाइन आपली म्हणणं म्हणजे आईनं शेजारणीचं पोर आपलं समजून कडेवर घेऊन घरी येण्यासारखंच.

"कुणाला सांगणार नाही ना तुम्ही?" तिनं विचारलं.

"सांगणार नाही. पण तुम्ही माझ्या तळघरात येऊन नीट चव घ्यायची... एवढीच अट."

अट मान्य करण्यात तिचा स्वार्थ होता. तीन आठवड्यांनी दोन्ही गावांची दरवर्षीची पैज होती. लोकरीच्या मोज्यांत लपवलेल्या सहा बाटल्या, आणि प्रत्येक घोट नदीच्या कुठल्या बाजूचा ते चिठ्ठीवर लिहायचं. बूर्गयच्या परीक्षकाच्या खुर्चीवर बारा वर्षं सोलेनचे वडील रेमों बसत आले होते. यंदा त्यांनी खुर्ची तिला दिली होती, आणि सोबत शब्दही : सहाच्या सहा ओळखल्यास तर यंदाची वाइन तू करायचीस, नाहीतर लेबलं चिकटवायचं तुझं काम काही सुटलं नाही. सहा वर्षं लेबलं चिकटवून सोलेन अगदी विटली होती. तिला द्राक्षांत हात घालायचे होते.

म्हणून ती पूल ओलांडून जाऊ लागली. पहिल्या दिवशी स्वार्थासाठी, दुसऱ्या दिवशी थोडं स्वार्थासाठी... तिसऱ्या दिवशी मात्र निघण्यापूर्वी तिनं दोनदा आरशात पाहिलं.

पांढऱ्या दगडात कोरलेलं तिबोचं तळघर गार होतं. त्यानं दोन पेले भरले. दोन्ही त्याच्याच बागेतले, दोन्हीतलं द्राक्षही एकच, या मुलखात सगळे ज्याला ब्रतों म्हणतात ते. पहिली वाइन हलकी होती, रासबेरीच्या वासाची. दुसरी काळसर, जिभेला जरा आवळणारी, सावकाश उलगडणारी.

"बाबा म्हणतात, शिनोंची वाइन गोडबोली आणि आमची रांगडी," सोलेन म्हणाली. "ही दुसरी तर आमच्यापेक्षा रांगडी निघाली."

तिबोनं तिच्या एका तळहातावर नदीकाठची गोल खडी ठेवली, दुसऱ्यावर टेकडीचा पांढरा दगड. बोटं उचलायला त्यानं जरा जास्तच वेळ घेतला. "पहिली या खडीवरची, दुसरी या दगडावरची. तुमच्याकडेही खडी आहे, टेकडी आहे. नदी कुठल्या बाजूला वाहते हे वेलीला कुठे ठाऊक असतं? तिला कळतं ते फक्त मुळाखालचं."

"मग पैजेला अर्थच काय?"

"तुझी माझी भेट झाली, हा अर्थ पुरे नाही का?"

तुम्हीवरून तूवर तो कधी आला, हे सोलेनला कळलं होतं. तिनं हटकलं मात्र नाही. "तू फार बोलतोस," ती म्हणाली, आणि हिशेब तिथेच मिटला.

पैजेच्या दुपारी सभागृहाच्या मागल्या दाराशी तिबोनं तिला गाठलं. बाटल्यांवर मोजे चढवायची पाळी यंदा शिनोंची होती आणि ते काम त्याच्याकडे आलं होतं. त्याचा चेहरा उतरलेला होता. सहावी बाटली अवघड आहे, म्हणाला, नुसतं तिचं गाव सांगतो... सोलेननं त्याच्या ओठांवर बोट ठेवलं.

"सांगितलंस तर ती वाइन माझी कशी होईल?"

पाच पेले तिनं बिनचूक ओळखले. सहावा हलका, खडीवरचा, सुरेख होता. नदीच्या अलीकडचा की पलीकडचा... तिनं पुन्हा घोट घेतला. काही केल्या कळेना. एक नाव ठोकून दिलं असतं तर निम्मी संधी होती. समोर बाबा बसले होते, मान ताठ करून. तिनं पेन्सिल उचलली आणि खरं तेच लिहिलं.

नगराध्यक्षबाईंनी चिठ्ठी वाचली. "नदीकाठच्या खडीवरची. फार चांगली. किनारा मला सांगता येत नाही." सभागृहात कुजबुज झाली. किनारा नाही म्हणजे उत्तर चूक, बाईंनी नाइलाजानं जाहीर केलं. आणखी किती वर्षं लेबलं, एवढंच सोलेनच्या मनात आलं.

रिवाजाप्रमाणे जुना परीक्षकही सहावा पेला चाखून लिहायचा; मग त्याची, म्हणजे रेमोंची चिठ्ठी वाचली गेली. "शिनों. पातळ आणि गोडबोली."

तिबोनं मोजा उतरवला. बाटलीवर सोलेननं स्वतःच्या हातानं चिकटवलेलं लेबल होतं. वाइन रेमोंची होती.

दोन्ही गावं पोट धरधरून हसली. रेमों तेवढे हसले नाहीत. ते उठून मुलीपाशी आले, आणि त्यांचा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला होता.

"मला ठाऊक नव्हतं, तरी मी लिहिलं. तुला ठाऊक नव्हतं, तर तू लिहिलं नाहीस. यंदाची वाइन तू कर, पोरी." मग जरा थांबून म्हणाले, "खडीबिडी हे कुणी शिकवलं तुला?"

"तिबोनं. शिनोंच्या." आता मागे फिरावंसं तिला वाटलं नाही. "आणि बाबा... माझं त्याच्यावर प्रेम आहे. त्याला अजून सांगायचं राहिलंय."

रिकामा मोजा हातात धरून तिबो उभाच राहिला. रेमोंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"काय रे, शिनोंची माणसं सकाळी सातला उठतात का? उद्या वेली बांधायच्यात."

"साडेसहाला येतो, काका."

"सहाला ये," सोलेन म्हणाली. "बाबा साडेसहाला उठतात."